सगळे डावे

पहाटे तीन वाजून दहा मिनिटं.
ओउलूतल्या माझ्या स्वयंपाकघरात
एक फ्रिज घुरघुरतो आणि एक मी.
मांडीवर इल्मो, एका हातात बाटली,
दुसऱ्या हाताच्या अंगठ्यानं लिहिते:
कोणी जागं आहे का?

कोत्काहून मारियाना:
जागी? मी झोपले कधी होते?
कूसामोहून औती:
मला दात येतोय. म्हणजे बाळाला.
आता फरकच कळेनासा झालाय.
वासाहून सोल्वेइग
नुसतं चमच्याचं चित्र पाठवते.
चमचा म्हणजे, मी ठीक आहे
पण पुढे विचारू नका.
हे कधी ठरलं, कोणालाच आठवत नाही.

आम्ही एकमेकींना पाहिलेलं नाही.
मारियानाच्या सासूच्या गुडघ्याचं ऑपरेशन
मला तारखेनिशी पाठ आहे,
तिच्या फ्रिजच्या तिसऱ्या कप्प्यात
काय बुरसटलंय तेही.
पण ती उद्या रस्त्यात समोर आली
तर मी "जरा सरकता का" म्हणून
बाबागाडी पुढे काढीन.

आमचे विषय फार थोर नसतात.
उणे बारात बाळाला अंगणात झोपवावं की उणे दहापर्यंतच?
चीजसमोर उभं राहून
"चीज कुठाय?" विचारणारा नवरा:
या एका विषयावर सेहेचाळीस निरोप,
आणि सत्तेचाळिसावा मारियानाचा,
सापडलं. चीज नव्हे, नवरा. सौनात झोपला होता.

मग नोव्हेंबरात
औतीनं फोटो टाकला, लाल हातमोजा, एकटा.
याचा जोडीदार कोणी पाहिला का?
पाहिला, मारियाना म्हणाली,
माझ्या निळ्याबरोबर पळून गेलाय.
समुद्रावरून स्वीडनला, सोल्वेइग म्हणाली,
आत्ताच आमच्या खिडकीखालून गेले दोघं.

हसता हसता मीही उठून टोपली उपडी केली.
माझ्या वेतीचे चार निघाले. चारही डावे.
मारियानाचे तीन. डावे.
औतीचा तो लाल, नीट पाहिला तर, डावाच.
औती शाळेत विज्ञान शिकवते,
तिनं पहाटे पावणेचारला सिद्धांत मांडला:
पोरं उजव्या हातानं बर्फ खातात,
त्यासाठी उजवा मोजा काढतात,
म्हणून हरवतो तो उजवाच.

सोल्वेइग बराच वेळ गप्प.
आम्हाला वाटलं, चमचा येणार.
मग तिनं लिहिलं,
माझ्याकडे सहा आहेत. सगळे उजवे.

टायरा डावखुरी आहे ना!
परवाच ती कुरकुरत होती
की पाळणाघरातल्या झाडून साऱ्या कात्र्या
उजव्यांसाठी केलेल्या,
पोरगी कागद कापत नाही, चावते.
आणि आता हीच टायरा
तीन गावांतल्या पोरांची तारणहार,
घरात बसून, डाव्या हातानं बर्फ खात.

आठवड्यात जाड पाकीट आलं.
आत दोन उजवे, एक पिवळा, एक राखाडी,
आणि वेलदोड्याच्या पावाचा तुकडा,
टपालात चेंगरून पापड झालेला.
तो मी उभ्या उभ्या खाल्ला,
कोणाला विचारलं नाही.

सकाळी वेती निघाला,
डाव्या हातात हिरवा, उजव्यात पिवळा.
दुकानाशी एक आजीबाई थांबल्या,
अहो, मोजे अदलाबदल झालेत मुलाचे.
नाही हो, मी म्हटलं, जोडीच आहे ती.
एक इथला आहे, एक वासाचा.
आजीबाईंनी माझ्याकडे असं पाहिलं
जसं झोप न झालेल्या बायकांकडे पाहतात.

अंधार तीनलाच पडला.
वेती घरी आला गाल लाल करून,
ओठांवर बर्फ,
उजवा हात
उघडा.

रात्री मी कोणी जागं आहे का विचारलंच नाही,
थेट चमचा पाठवला.
मारियाना: पिवळा?
औती: सिद्धांत सिद्ध झाला. अभिनंदन.
सोल्वेइग काहीतरी लिहितेय,
तीन ठिपके नाचताहेत, थांबताहेत,
पुन्हा नाचताहेत…
तिकडे कोणीतरी उठलेलं दिसतंय.